अल्प आघाडीचे रक्षण : रहीम यांच्या भारतीय फुटबॉल संघाचे चार सामने (१९५१–१९६२)

१. विषयाची मर्यादा

‘आघाडी’ आणि ‘पिछाडी’ ही मराठीतील जुनी जोडी आहे. घोड्याच्या पुढच्या व मागच्या दाव्यांना ती लागते, तशीच सैन्याच्या पुढच्या व मागच्या भागांनाही लागते. खेळाच्या परिभाषेत ‘आघाडी’ हा शब्द दोन अर्थांनी आला. प्रतिपक्षाच्या गोलावर चालून जाणाऱ्या खेळाडूंची पुढची फळी ती आघाडी, आणि गोलसंख्येतील वरचढपणा तीही आघाडीच. प्रस्तुत लेखात हा शब्द केवळ दुसऱ्या अर्थाने योजिला असून पुढच्या फळीस ‘चढाईची फळी’ असे म्हटले आहे.

फुटबॉलमध्ये गोल थोडे होतात. त्यामुळे एका गोलाची आघाडी हा ह्या खेळातील नेहमीचा आणि तितकाच नाजूक प्रसंग होय. क्रिकेटमध्ये शंभर धावांची आघाडी एका चुकीने जात नाही. फुटबॉलमध्ये तासाभराची कमाई एका घसरलेल्या पायाने जाते. अशा वेळी काय करावे? मागे सरून गोलासमोर गर्दी करावी, चेंडू आपल्याकडे ठेवून वेळ काढावा, की जणू आघाडी नाहीच असे समजून चढाई चालू ठेवावी? खेळाच्या जन्मापासून हा प्रश्न चालत आला आहे आणि खेळाच्या नियमांनाही त्याने वेळोवेळी वळण लावले आहे.

ह्या प्रश्नाचे लष्करी रूप विदर्भाच्या इतिहासात केळापूर तालुक्याच्या भूमीवरच पाहावयास मिळते. २० फेब्रुवारी १८१८ रोजी आष्टीच्या लढाईत बापू गोखले पडल्यावर दुसऱ्या बाजीरावाजवळ जी आघाडी उरली ती केवळ अंतराची होती. पाठलाग करणाऱ्या इंग्रजी पलटणी आणि आपली फौज यांत काही मजलांचे अंतर राखणे, एवढेच त्याच्या हाती होते. त्या अंतराच्या बळावर तो चांद्याच्या रोखाने सरकला. पुढची वाट बंद झाल्यावर तो मागे वळला, आणि १७ एप्रिल १८१८ रोजी केळापूर तालुक्याचे मुख्य ठाणे असलेल्या पांढरकवड्याच्या परिसरात शिवणी येथे कर्नल ॲडम्सच्या फौजेने त्यास गाठले. पुढे ३ जून रोजी तो माल्कमच्या स्वाधीन झाला. जी आघाडी केवळ मागे हटून राखावयाची असते, ती उलटून प्रहार करण्याचे सामर्थ्य नसेल तर फार काळ टिकत नाही, हा ह्या प्रसंगाचा धडा. रणांगण आणि क्रीडांगण यांची तुलना फार ताणू नये हे खरे. तथापि एवढे साम्य पुढील विवेचनास पुरेसे आहे.

स्वतंत्र भारताच्या फुटबॉल-इतिहासात ह्या प्रश्नाचा अभ्यास करण्यास चार सामने विशेष उपयुक्त आहेत : दिल्ली १९५१, मेलबर्न १९५६, ग्रोसेटो १९६० आणि जाकार्ता १९६२. ह्या चारही वेळी भारतीय संघ सय्यद अब्दुल रहीम यांच्या हाताखाली खेळला, चारही वेळी भारताने आघाडी घेतली, आणि चारही वेळी ती राखण्याचा प्रश्न उभा राहिला. दोनदा ती राखली गेली, दोनदा गेली. ह्या चार अनुभवांचा क्रम लावून पाहिल्यास एक विचार हळूहळू पक्का होत गेलेला दिसतो, तो मांडणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. नियम आणि युक्ती यांची शर्यत

अल्प आघाडीच्या रक्षणाचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे खेळ होऊच न देणे. हा मार्ग प्राचीन आहे. १८९१ साली इंग्लंडमध्ये पेनल्टीचा नियम नुकताच आला होता. स्टोक व ॲस्टन व्हिला ह्या संघांच्या त्याच वर्षीच्या सामन्याची हकीकत सांगितली जाते, ती अशी : एका गोलाने मागे असलेल्या स्टोकला अगदी अखेरीस पेनल्टी मिळाली, तेव्हा व्हिलाच्या गोलरक्षकाने चेंडू उचलून मैदानाबाहेर दूर भिरकावून दिला. चेंडू परत येईपर्यंत वेळ संपली आणि एक गोलाची आघाडी शाबूत राहिली. त्यानंतर पेनल्टी घेण्यासाठी वेळ वाढवून देण्याची तरतूद नियमांत करण्यात आली. मुंबईत रोव्हर्स चषकाची स्पर्धा सुरू झाली तेही वर्ष १८९१ हेच. म्हणजे महाराष्ट्रात संघटित फुटबॉल स्पर्धा रुजत होती, तेव्हाच आघाडी राखण्याची युक्ती आणि तिला उत्तर देणारा नियम यांची शर्यत सुरू झाली होती.

ह्या शर्यतीतील दुसरा मोठा टप्पा १९२५ चा. तोपर्यंत चढाई करणाऱ्या खेळाडूच्या आणि गोलरेषेच्या दरम्यान प्रतिपक्षाचे किमान तीन खेळाडू नसल्यास तो ऑफसाइड ठरे. बचावपटू थोडे पुढे सरकून साऱ्या चढाया अडवीत आणि सामने रटाळ होत. १९२५ मध्ये तीनाऐवजी दोन खेळाडूंची अट आली. चढाई सुकर झाली, गोल वाढले, आणि त्याबरोबर बचावाची नवी रचना करणे भाग पडले. हर्बर्ट चॅपमन यांच्या आर्सेनल संघाने मधल्या हाफबॅकला मागे घेऊन तिसरा बचावपटू बनविले. हीच पुढे ‘डब्ल्यू-एम’ म्हणून प्रसिद्धी पावलेली रचना. रहीम यांच्या पिढीतील भारतीय प्रशिक्षकांपुढे नमुना म्हणून जी पद्धत होती ती मुख्यतः हीच.

तिसरा टप्पा मागच्या फळीपलीकडे आणखी एक मोकळा रक्षक ठेवण्याचा. स्वित्झर्लंडमध्ये कार्ल रापान यांनी १९३० नंतरच्या दशकात ही रचना वापरली. इटलीत तिला जे नाव मिळाले त्याचा अर्थ दाराची कडी अथवा अडसर असा होतो. हेलेनिओ हेरेरा यांच्या इंटर मिलान संघाने ह्या पद्धतीने १९६४ व १९६५ अशी दोन वर्षे युरोपीय चषक जिंकला. एक गोल करावा आणि दाराला अडसर घालावा, असा तिचा लौकिक झाला. परंतु २५ मे १९६७ रोजी लिस्बन येथे ह्याच संघाने सातव्या मिनिटास पेनल्टीवर आघाडी घेतली, दार लावून घेतले, आणि स्कॉटलंडच्या सेल्टिक संघाने ६३ व्या व ८४ व्या मिनिटास गोल करून तो चषक नेला. अडसर मजबूत असला तरी बाहेरचा माणूस दीड तास धडका देत राहिला तर तो निखळतो.

यानंतरचे नियमही ह्याच दिशेने गेले. १९९० च्या विश्वचषकात ५२ सामन्यांत अवघे ११५ गोल झाले. आघाडी मिळताच चेंडू पुन्हापुन्हा गोलरक्षकाकडे परत देण्याची व त्याने तो हातात धरून ठेवण्याची रीत बोकाळली होती. १९९२ मध्ये सहकाऱ्याने मुद्दाम पायाने परत दिलेला चेंडू गोलरक्षकाने हाताळण्यास बंदी आली. विजयास दोनाऐवजी तीन गुण देण्याची पद्धत इंग्लंडमध्ये १९८१ मध्ये व विश्वचषकात १९९४ मध्ये लागू झाली. तिचाही हेतू संघांना बरोबरीच्या आसऱ्यातून बाहेर काढणे हाच. २०२५ मध्ये गोलरक्षकाने आठ सेकंदांहून अधिक काळ चेंडू हातात ठेवल्यास प्रतिपक्षास कॉर्नर देण्याचा नियम आला. ह्या साऱ्या इतिहासाचे सूत्र एकच : वेळ काढणे हे आघाडी राखण्याचे साधन म्हणून नियमकर्त्यांनी क्रमाक्रमाने बाद करीत आणले, आणि रचना, दम व चढाई हीच खरी साधने उरू दिली. रहीम यांच्या काळात वेळ काढण्याचे बहुतेक मार्ग मोकळे होते. तरीही त्यांच्या संघाचा अनुभव ह्याच सूत्राकडे नेतो.

३. पार्श्वभूमी : कूपरेज आणि सत्तर मिनिटांचा खेळ

रहीम हे हैदराबादचे. व्यवसायाने ते शिक्षक होते. त्यांच्या हैदराबाद सिटी पोलीस संघाने १९५० ते १९५४ अशी ओळीने पाच वर्षे मुंबईचा रोव्हर्स चषक जिंकला. कूपरेज मैदानावरील प्रेक्षकांना रहीम यांच्या पद्धतीचा परिचय हा असा, राष्ट्रीय संघाच्या कीर्तीपूर्वीच झाला होता. मुंबईतील टाटा, कॅलटेक्स, वेस्टर्न रेल्वे यांसारख्या कारखान्यांच्या व कचेऱ्यांच्या संघांत त्या काळी देशभरचे खेळाडू नोकरीस येत. गोमंतकातून आलेल्यांचा त्यांत मोठा वाटा होता. रहीम यांच्या राष्ट्रीय संघात ह्या मैदानावरून जे गेले त्यांत तीन नावे प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने महत्त्वाची आहेत. गोमंतकीय कुळातील आणि टाटा संघाकडून खेळणारा सेंटर फॉरवर्ड नेव्हिल डिसोझा, गोव्यातील कोलवाळचा हाफबॅक फॉर्च्युनॅटो फ्रँको, आणि केरळातून येऊन मुंबईच्या कॅलटेक्स संघात स्थिरावलेला बचावपटू ओ. चंद्रशेखर, ही ती नावे होत. पुढे येणाऱ्या सामन्यांत एकाने आघाडी मिळवून दिली, दोघांनी ती राखण्यास हातभार लावला.

आणखी एक गोष्ट पार्श्वभूमी म्हणून ध्यानात घेतली पाहिजे. आंतरराष्ट्रीय सामना नव्वद मिनिटांचा असे, तर भारतातील देशांतर्गत सामने त्या काळी सत्तर मिनिटांचे खेळविले जात. आघाडी राखण्याच्या प्रश्नात ह्या वीस मिनिटांचे महत्त्व फार आहे. ज्या खेळाडूचे पाय, श्वास आणि अंदाज सत्तर मिनिटांच्या मापावर घडले आहेत, त्यास सत्तराव्या मिनिटानंतरचा खेळ हा परका मुलूख वाटावा यात नवल नाही. शिवाय बदली खेळाडूंची आजची सोय तेव्हा नव्हती. विश्वचषकात तिची मुभा प्रथम १९७० मध्ये मिळाली, आणि आज तर एका सामन्यात पाच खेळाडू बदलता येतात. दमलेल्या फळीत ताजे पाय घालून आघाडी राखणे हे आजच्या प्रशिक्षकाचे पहिले अस्त्र. रहीम यांच्या भात्यात ते नव्हतेच. सामना सुरू होण्यापूर्वी जे अकरा निवडले तेच अखेरपर्यंत. साहजिकच त्यांच्या बाबतीत आघाडी कशी राखावयाची हा निर्णय निवडीच्या वेळीच घ्यावा लागे.

४. दिल्ली, १९५१

पहिल्या आशियाई क्रीडास्पर्धा मार्च १९५१ मध्ये दिल्लीस झाल्या. शैलेन मन्ना यांच्या नेतृत्वाखालील भारतीय संघाने इंडोनेशिया व अफगाणिस्तान यांच्यावर प्रत्येकी ३–० असे विजय मिळविले आणि अंतिम सामन्यात इराणला १–० असे हरविले. साहू मेवालाल यांनी ३४ व्या मिनिटास केलेला गोल हा त्या सामन्यातील एकमेव गोल होय. त्या स्पर्धेतील सामने ऐंशी मिनिटांचे होते. म्हणजे भारताने एका गोलाची आघाडी सुमारे ४६ मिनिटे राखली. सबंध स्पर्धेत भारतावर एकही गोल झाला नाही.

ह्या विजयाने भारतीय बचावाविषयी विश्वास निर्माण झाला. पण त्याच्या मर्यादाही होत्या. सामना घरच्या मैदानावर होता, आणि त्याची लांबी भारतीय सवयीपेक्षा दहाच मिनिटांनी अधिक होती. पुढच्याच वर्षी, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये युगोस्लाव्हियाने भारताचा १०–१ असा पराभव केला. त्या सामन्यात अनेक भारतीय खेळाडू अनवाणी खेळले होते. तेथे आघाडी राखण्याचा प्रश्नच उद्भवला नाही. परंतु दिल्लीच्या विजयाचे मोल ठरविताना हेलसिंकी विसरता येत नाही.

५. मेलबर्न, १९५६

१ डिसेंबर १९५६ रोजी मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारताने यजमान ऑस्ट्रेलियास ४–२ असे हरविले. त्यांतील तीन गोल नेव्हिल डिसोझाचे होते. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये एकाच सामन्यात तीन गोल करणारा तो पहिला आशियाई खेळाडू. ४ डिसेंबर रोजी उपांत्य सामन्यात गाठ पडली ती पुन्हा युगोस्लाव्हियाशी. चार वर्षांपूर्वी दहा गोल देणाऱ्या ह्या संघाला भारताने मध्यंतरापर्यंत एकही गोल करू दिला नाही. एवढेच नव्हे तर ५२ व्या मिनिटास डिसोझानेच गोल करून भारतास आघाडी मिळवून दिली. ऑलिंपिकच्या अंतिम सामन्यापासून भारत त्या क्षणी अडतीस मिनिटे दूर होता.

ती आघाडी दोन मिनिटे टिकली. ५४ व्या मिनिटास पापेचने बरोबरी साधली, ५७ व्या मिनिटास वेसेलिनोविचने युगोस्लाव्हियास पुढे नेले, ६५ व्या मिनिटास पापेचने आणखी एक गोल केला आणि ७८ व्या मिनिटास एका भारतीय बचावपटूच्या पायाला लागून चेंडू आपल्याच गोलात गेला. अंतिम धावफलक ४–१.

ह्या पराभवाचे कारण दम नव्हे. आघाडी गेली ती सत्तराव्या मिनिटानंतर नव्हे, गोल झाल्यावर लगेच. गोल करणारा संघ मनाने क्षणभर सैल होतो आणि गोल खाणारा पेटून उठतो, हा फुटबॉलमधील सार्वत्रिक अनुभव आहे. आघाडी मिळाल्यानंतरची पाच मिनिटे ही आघाडीच्या रक्षणातील सर्वांत कठीण पाच मिनिटे होत, असा ह्या सामन्याचा अर्थ लावता येईल. दिल्लीचा धडा अपुरा होता, हेही येथे दिसून आले. समर्थ प्रतिपक्षापुढे एक गोल ही आघाडी नसून आव्हान ठरते. तरीही भारताने त्या स्पर्धेत मिळविलेले चौथे स्थान हे भारतीय फुटबॉलचे ऑलिंपिकमधील सर्वोच्च यश आहे, आणि डिसोझा चार गोलांसह स्पर्धेतील सर्वाधिक गोल करणाऱ्यांत बरोबरीने अग्रभागी होता.

६. ग्रोसेटो, १९६०

रोम ऑलिंपिकमध्ये भारताचा गट कठीण होता : हंगेरी, फ्रान्स आणि पेरू. हंगेरीकडून भारत १–२ असा हरला. पण तो पराभव सन्माननीय होता. २९ ऑगस्ट १९६० रोजी इटलीतील ग्रोसेटो येथे फ्रान्सशी सामना झाला. ७१ व्या मिनिटास कर्णधार प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी गोल केला आणि भारत १–० असा पुढे गेला. ८२ व्या मिनिटास फ्रान्सने बरोबरी साधली. सामना १–१ असा सुटला, आणि पुढे पेरूकडून १–३ अशा पराभवानंतर भारताचे आव्हान संपले.

मेलबर्नप्रमाणे ही आघाडी तत्काळ गेली नाही. ती अकरा मिनिटे टिकली. म्हणजे गोलानंतरची धोक्याची पाच मिनिटे ह्या वेळी पार पडली. परंतु हा सारा कालखंड सत्तराव्या मिनिटानंतरचा आहे. भारतात ज्या वेळी पंचाची अखेरची शिट्टी वाजून गेलेली असावयाची, त्या वेळी येथे खरी कसोटी सुरू झाली. मेलबर्नला प्रश्न एकाग्रतेचा होता, ग्रोसेटोला तो दमाचा होता असे म्हणावयास जागा आहे. दोन्ही ठिकाणी समान असलेली गोष्ट एकच : आघाडी एका गोलाची होती, आणि ती दोन गोलांची होऊ शकली नाही.

७. जाकार्ता, १९६२

चौथ्या आशियाई क्रीडास्पर्धा १९६२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये जाकार्ता येथे झाल्या. इस्रायल व तैवान यांना वगळण्यात आल्यामुळे ऑलिंपिक समितीचे भारतीय सदस्य गुरुदत्त सोंधी यांनी स्पर्धेच्या नावास हरकत घेतली होती. त्यावरून यजमान देशात भारताविरुद्ध तीव्र भावना उसळली, आणि जमाव भारतीय वकिलातीवर चालून गेला. मैदानावरही प्रेक्षकांची सहानुभूती भारतीय संघाकडे नव्हती.

स्पर्धेचा आरंभही निराशाजनक झाला. पहिल्याच सामन्यात दक्षिण कोरियाने भारतास २–० असे हरविले. नंतर भारताने थायलंडला ४–१ व जपानला २–० असे हरविले आणि उपांत्य सामन्यात दक्षिण व्हिएतनामवर ३–२ अशी मात केली. थायलंडविरुद्धच्या सामन्यात प्रमुख बचावपटू जर्नेलसिंग यांच्या कपाळास जखम होऊन टाके पडले. अंतिम सामन्यात, ४ सप्टेंबर १९६२ रोजी, समोर पुन्हा दक्षिण कोरियाच होता.

ह्या सामन्यासाठी रहीम यांनी केलेली निवड हा प्रस्तुत विषयाचा गाभा आहे. त्यांचे दोन निर्णय येथे लक्षात घेण्याजोगे आहेत. पहिला गोलरक्षकाचा. आधीच्या सामन्यांत प्रद्युत बर्मन गोलात होता. अंतिम सामन्यात रहीम यांनी आजारातून उठलेल्या उंचापुऱ्या पीटर थंगराजला घेतले. उंचावरून येणारे चेंडू गोलाच्या तोंडाशी हवेतच हस्तगत करणे हे थंगराजचे वैशिष्ट्य होते. मागे पडलेला संघ अखेरीस चेंडू उंच उडवून गोलासमोर टाकू लागतो, हे ध्यानात घेता ह्या निवडीचे मर्म उमगते. दुसरा निर्णय जर्नेलसिंगचा. आशियातील श्रेष्ठ बचावपटूंत गणना होणाऱ्या ह्या खेळाडूला रहीम यांनी बचावफळीतून काढून सेंटर फॉरवर्ड केले. बचाव चंद्रशेखर, त्रिलोकसिंग व अरुण घोष यांच्यावर सोपविला, त्यांच्यापुढे फ्रँको व प्रशांत सिन्हा हे हाफबॅक ठेवले, आणि चढाईच्या फळीत जर्नेलबरोबर प्रदीपकुमार बॅनर्जी, युसूफ खान, कर्णधार चुनी गोस्वामी व तुळसीदास बलराम यांना ठेवले.

वरवर पाहता हा निर्णय उफराटा वाटतो. ज्या संघाने काही दिवसांपूर्वी आपल्यावर दोन गोल केले, त्याच्याविरुद्ध आपला सर्वांत बळकट बचावपटू पुढे पाठवावयाचा! परंतु परिणाम पाहावा. १७ व्या मिनिटास प्रदीपकुमार बॅनर्जी यांनी पहिला गोल केला. मेलबर्नला अशा क्षणानंतर दोनच मिनिटांत बरोबरी झाली होती. येथे तीन मिनिटांत, २० व्या मिनिटास, जर्नेलसिंगने भारताचा दुसरा गोल केला. धोक्याची पाच मिनिटे भारताने बचाव करून नव्हे, तर चढाई करून पार पाडली.

त्यानंतर कोरियाने जोर केला. दोन गोलांची आघाडी भारताने २० व्या मिनिटापासून ८५ व्या मिनिटापर्यंत, म्हणजे सुमारे ६५ मिनिटे, राखली. ८५ व्या मिनिटास चा ते-सुंग ह्याने कोरियाचा गोल केला. राहिलेली पाच मिनिटे भारतास एका गोलाची आघाडी राखावयाची होती, आणि ती राखली गेली. सामना २–१ असा संपला व भारतास सुवर्णपदक मिळाले. आशियाई स्पर्धांतील फुटबॉलचे सुवर्णपदक त्यानंतर भारतास मिळालेले नाही.

८. चार सामन्यांचा एकत्र विचार

ह्या चार सामन्यांची मिनिटे शेजारी मांडली असता एक गोष्ट प्रकर्षाने नजरेस येते. दिल्लीस एका गोलाची आघाडी ४६ मिनिटे सांभाळावी लागली. मेलबर्नला ती दोन मिनिटांत गेली. ग्रोसेटोला अकरा मिनिटांत. जाकार्ताला भारत ‘एका गोलाने पुढे’ अशा स्थितीत एकूण सुमारे आठच मिनिटे होता : पहिल्या व दुसऱ्या गोलांमधील तीन, आणि अखेरची पाच. बाकीचा सारा वेळ आघाडी दोन गोलांची होती. कोरियाचा ८५ व्या मिनिटाचा गोल हा ग्रोसेटोच्या ८२ व्या मिनिटाच्या गोलाचाच भाऊबंद. तोही सत्तराव्या मिनिटानंतर, भारतीय सवयीबाहेरच्या मुलखात झाला. पण ग्रोसेटोला त्याने विजय हिरावून घेतला, जाकार्ताला तो पोहोचण्यास उशीर झाला होता. दम वाढवून ही उणीव भरून काढता आली असती. परंतु देशातील सामने सत्तर मिनिटांचे असताना तो दम आणावयाचा कोठून? रहीम यांनी ती उणीव गृहीत धरली आणि तिला पुरेल एवढी शिल्लक आधीच गाठी बांधली. काटकसरी शेतकरी दुष्काळ टाळू शकत नाही. तो कणगीत दाणे ठेवू शकतो. जाकार्ताचा दुसरा गोल हा अशा कणगीतला दाणा होता.

यावरून निघणारा निष्कर्ष असा की, अल्प आघाडीचे उत्तम रक्षण म्हणजे ती अल्प राहू न देणे. हे वाक्य सोपे दिसते; परंतु त्यामागे एक कठीण निर्णय आहे. आघाडी राखण्याची चिंता असणारा सामान्य प्रशिक्षक बचावात माणूस वाढवितो. रहीम यांनी बचावातला माणूस काढून चढाईस दिला, आणि त्याने आणलेल्या गोलाने बचावास जे बळ दिले ते तो स्वतः मागे उभा राहून देऊ शकला असता किंवा नाही याची शंका आहे. त्याच वेळी त्यांनी मागची बाजू उघडी टाकली नव्हती. थंगराजची निवड ही त्या धाडसाची दुसरी बाजू होय. पुढे धोका पत्करावयाचा आणि ऐनवेळचा भार घेण्यासाठी अखेरच्या ठिकाणी सर्वांत भरवशाचा माणूस ठेवावयाचा, असा हा दुहेरी हिशेब होता.

लिस्बनच्या १९६७ च्या सामन्याशी तुलना केल्यास हा हिशेब अधिक स्पष्ट होतो. इंटरने सातव्या मिनिटास मिळालेली आघाडी अडसर घालून राखू पाहिली. त्यांच्या बचावाचे कौशल्य जगात मान्य होते, तरी त्र्याऐंशी मिनिटांचा भार त्यास पेलला नाही. शिवणीच्या पूर्वीची बाजीरावाची वाटचाल ह्याच जातीची होती. अंतर राखणे हे त्याचे एकमेव धोरण झाले, आणि अंतर हे पाठलाग करणाऱ्याच्या मर्जीवर टिकणारी वस्तू असते. ज्याच्यापाशी उलटून प्रहार करण्याची शक्ती आहे त्याच्याच पिछाडीला विसावा मिळतो, कारण पाठलाग करणाऱ्यास आपल्याही पिछाडीची काळजी वाहावी लागते.

चार सामन्यांवरून नियम सिद्ध होत नाही, एवढी सावधगिरी येथे बाळगली पाहिजे. दिल्लीच्या सामन्यात एक गोल पुरला, हे वास्तव आहे. प्रतिपक्षाचे बळ, मैदान, हवामान, दैव यांचा वाटा प्रत्येक निकालात असतोच. तथापि एकाच प्रशिक्षकाच्या हाताखाली अकरा वर्षांत घडलेल्या अनुभवांची दिशा पुरेशी स्पष्ट आहे. दिल्लीने विश्वास दिला, मेलबर्नने गोलानंतरच्या सैलपणाची किंमत दाखविली, ग्रोसेटोने अखेरच्या वीस मिनिटांची, आणि जाकार्तास ह्या दोन्ही किमती आधीच हिशेबात धरल्या गेल्या.

९. उपसंहार

जाकार्तानंतर नऊ महिन्यांनी, ११ जून १९६३ रोजी, रहीम यांचे कर्करोगाने निधन झाले. मुंबईच्या मैदानावर मात्र त्या संघाचे दुवे काही काळ टिकून राहिले. फ्रँको व चंद्रशेखर हे दोघेही महाराष्ट्राकडून खेळत, आणि १९६३–६४ च्या संतोष चषकाच्या अंतिम सामन्यात महाराष्ट्राने आंध्र प्रदेशावर मिळविलेला विजय १–० असाच, एका गोलाच्या आघाडीचा होता. फ्रँको यांचे १० मे २०२१ रोजी निधन झाले. १९७० मध्ये बँकॉक येथे भारताने आशियाई स्पर्धांत कांस्यपदक मिळविले. फुटबॉलमधील भारताचे त्या स्पर्धांतील ते शेवटचे पदक ठरले.

लोकस्मृतीत जाकार्ताचा सामना शौर्याची कथा म्हणून राहिला आहे : टाके पडलेले कपाळ, आजारी गोलरक्षक, प्रतिकूल प्रेक्षक. २०२४ मध्ये त्यावर ‘मैदान’ हा हिंदी चित्रपटही निघाला. शौर्याचा भाग खोटा नाही. परंतु शौर्य मेलबर्नलाही होते आणि ग्रोसेटोलाही होते. तेथे आघाडी गेली. जाकार्ताचे वेगळेपण शौर्यात नसून हिशेबात होते. केवळ शौर्याची आठवण ठेवणाऱ्या पिढीला त्या विजयाचा अभिमान मिळतो, त्याची पद्धत मिळत नाही. आणि रहीम यांच्यामागे भारतीय फुटबॉलने जे गमावले त्यांत पद्धतीचा वाटा व्यक्तीहून कमी नव्हता. त्या शिक्षकाने चार सामन्यांत जे गणित सोडविले त्याचे उत्तर तेवढे देशाने पाठ केले. रीत मात्र नव्याने शिकावी लागणार आहे.